ती उत्तरं माझी नव्हती

मॅडम, गेल्या आठवड्यात आपल्या विभागाचं पत्र्याचं कपाट रिकामं केलं. आपल्या म्हणजे मानसशास्त्राच्या. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि तुमच्या खुर्चीवर मी बसते, तरी 'माझा विभाग' म्हणायला अजून जीभ वळत नाही. आता नव्या इमारतीत खोली मिळाली आहे. तिथे पंखे चक्क फिरतात, खिडक्यांना काचा आहेत. तुम्ही असता तर आधी प्राचार्यांकडे जाऊन पेढे मागितले असते. तर त्या कपाटात तुम्ही सुतळीनं बांधलेले गठ्ठे होते, आणि त्यातल्या एका गठ्ठ्यातून माझा कागद निघाला, पहिल्या वर्षाचा, व्यक्तिमत्त्व चाचणीचा. तो कागद कुठेतरी शिल्लक असेल या धास्तीत मी अर्धं आयुष्य काढलं, असं सांगितलं तर तुम्ही हसाल. खुशाल हसा. तो कागद खोटा होता, मॅडम. त्याच खोट्या कागदाच्या जोरावर तुम्ही मला उभी केलीत, आणि तुम्ही फसलात की फसला नाहीत हे मला तुम्हाला कधीच विचारता आलं नाही.

वरवट बकालहून मी बुलडाण्याला शिकायला आले आणि थोड्याच दिवसांत माझी कुणाशी बोलायची सवयच सुटली, हे तुम्हाला आठवत असेल. घरी असताना मी बडबडी नसले तरी गप्पही नव्हते. आमचा भाजीचा मळा. पहाटे मेथीच्या आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधताना भावंडांचं भांडणही चालायचं आणि हसणंही. पण कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात मी वर्गात उभी राहून "सर, मले समजलं नाही" म्हटलं आणि पुढच्या बाकावरच्या मुली खुदकन हसल्या. सर हसले नाहीत, पण त्यांनी मिशीवरून हात फिरवला, तेवढं पुरलं. त्या दिवसापासून मी तोंडच मिटलं. हॉस्टेलमधल्या एका मुलीला तर मी मुकी आहे असं वाटायचं. ती माझ्याशी हातवारे करून बोलायची आणि मीही तिला तसंच उत्तर द्यायचे, कारण ते सोयीचं होतं.

आणि मग तुमचं प्रात्यक्षिक. तुम्ही सगळ्यांना छापील कागद वाटता, म्हणता की इथं कोणी पास होत नाही आणि नापास होत नाही, खरं असेल ते लिहा, आणि चहाला निघून जाता. 'अनोळखी माणसांशी बोलायला मला आवडतं.' मी लिहिते, हो. 'चारचौघांत बोलताना मी अडखळते.' नाही. 'लोक मला हसतील अशी भीती मला वाटते.' छे, मुळीच नाही. परीक्षेतसुद्धा माझा हात कधी इतका भराभर चालला नव्हता. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला स्टाफरूमच्या दारात बोलावलंत.

"तूच का वं ती वरवटची?"

मी मान हलवली.

"तुह्या कागदावरून तं तू लयच बोलकी दिसतेस."

मी पुन्हा मान हलवली.

"बरं झालं. मले सर्व्हेसाठी बोलकीच पोरगी पाहिजे होती. रविवारी साखरखेर्ड्याले जाऊन राह्यलो आपण. डबा घेऊन ये."

एवढं बोलून तुम्ही वळलात. मी तिथेच उभी. शिक्षकांपैकी कुणी कॉलेजातही 'मले' म्हणू शकतं, तेही भर स्टाफरूमच्या दारात, हे पचवायलाच मला तो दिवस लागला.

खेड्यातल्या वयस्कर बायकांचं भावनिक स्वास्थ्य आणि त्यांचं जीवनमान, असा तुमच्या संशोधनाचा विषय होता. साखरखेर्ड्यात तुम्ही मला एका अंगणात सोडलंत आणि स्वतः पुढच्या गल्लीत निघून गेलात. समोर एक आजी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेली, शेजारी तिची सून. मी कागद डोळ्यांजवळ धरून वाचलं, "गेल्या पंधरवड्यात आपण आपल्या जीवनमानाबाबत कितपत समाधानी होता?"

"काय म्हणती ही?" आजीनं सुनेला विचारलं.

"काय माहीत. बँकेचं असंल."

मी पुन्हा वाचलं. आजीनं पुन्हा शेंग फोडली. मी गल्लीकडे पाहिलं, तुमचा पत्ता नाही. त्या घाबरलेल्या अवस्थेत माझ्या तोंडून निघून गेलं, "आजी, सकायी जाग आली की तुले उठावं वाटते का? काऊन वाटते?"

"हां, असं इचार ना माय!" आजीनं सूप बाजूला सारलं. मग जे सुरू झालं ते थांबेचना. फक्त तिच्याच हाताला दूध देणारी म्हैस, गुडघे, गेलेला नवरा आणि त्याचा भसाडा आवाज, दहावीत दोनदा बसलेला नातू. मी विचारलं, घरच्या माणसांबद्दल समाधानी का, तर म्हणाली, पुरं समाधान हाय, पाहुण्यापुढं काय सांगू. सून लगेच उसळली, "काहून खोटं सांगता आत्याबाई? काल मिठावरून केवढ्या भांडल्या माह्याशी!"

"ते भांडण नव्हतं, ते बोलणं व्हतं!"

यावर त्या दोघी हसल्या आणि मीही हसले. बुलडाण्याला आल्यापासूनचं ते माझं पहिलं मोकळं हसू असेल. वीस मिनिटांच्या कागदाला दीड तास लागला. बाहेर आले तर घसा दुखत होता, बोलून बोलून! मला इतका आनंद झाला होता की बसस्टँडवर मी तुमचा डबा कोणता आणि माझा कोणता हेही न पाहता दोन्हीतलं खाल्लं.

तिथेच मी चूक केली. आजी मधेच म्हैस दोहायला उठली होती आणि दोन प्रश्न राहिले होते. मला वाटलं, एवढं बोललो आम्ही, मला काय ठाऊक नाही? मी दोन खुणा करून टाकल्या. सोमवारी तुम्ही त्या कागदावर बोट ठेवलंत. बाकीच्या खुणा दाबून केलेल्या आणि या दोन हलक्या, एवढ्यावरून तुम्ही ओळखलंत.

"म्हणजे तिच्या मनातलं तुले ठाऊक?" तुमचा आवाज असा चढला की शिपाई डोकावून गेला. "माणूस सोतःबद्दल खोटं सांगते ना, ते बी आपल्या कामाचं असते. काऊन सांगते ते पाहा लागते. पण दुसऱ्याच्या मनातलं आपण लिहिलं तं तो कचरा झाला, कचरा! जाय, इचारून ये."

मी एकटी एसटीनं पुन्हा साखरखेर्ड्याला गेले. सगळ्या रस्त्यानं तुमचं ते 'सोतःबद्दल खोटं' कानात वाजत होतं. तुम्हाला कळलं होतं का? कळलं असेल तर हा सर्व्हे माझ्या हातून जाणार, आणि सर्व्हे गेला की पुन्हा ते हातवारे. रडू येत होतं. पण आजीनं मला पाहिलं आणि "दोन सवालांसाठी एवढ्या लांबून आली?" म्हणत डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. त्या दिवशी त्यांच्या शेतात रोडगे होते. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले ते कणकेचे गोळे, वरून तुपाची धार, वांग्याची जाळ भाजी, आणि बांधावर बसलेल्या पंचवीस-तीस बायका-माणसांचा कलकलाट. 'एकटेपणा कितपत जाणवतो?' या प्रश्नाला मी अंदाजानं 'बराच' अशी खूण केली होती, म्हातारी विधवा म्हणून. आजीनं त्या पंगतीकडे हात केला. "ह्या कल्ल्यात? जरा एकटं सोडा म्हणाव मला!" मी खूण खोडली. जेवून निघाले तेव्हा माझ्या पिशवीत तिनं चार रोडगे कोंबले होते, त्यातले दोन तुमचे होते. ते तुम्हाला दिले तेव्हा तुम्ही उभ्याउभ्याच खाल्लेत आणि रागाचा विषय पुन्हा काढला नाहीत.

एम.ए.ला गेल्यावर मला कळलं की अशा चाचण्यांत मधेमधे सापळ्याचे प्रश्न पेरलेले असतात. मी कधीच कुणाची निंदा केली नाही, मी कुणाचा कधीच हेवा केला नाही, असली वाक्यं. सगळ्यांना 'हो' म्हणणारा माणूस स्वतःला रंगवून सांगतो आहे असं धरायचं. मी तर त्या कागदावर संतपदाला पोचले होते! वाचता वाचता माझे कान तापले. मग दरवर्षी दिवाळीत चिवडा घेऊन तुमच्याकडे येताना ठरवायचे, आज विचारायचं. तुम्ही पाहुण्यांना सांगायचात, "ही माही बोलकी पोरगी," आणि माझा धीर सुटायचा. मधल्या वर्षांत मी खरोखरच बोलकी झाले. कधी ते सांगता येणार नाही. आता घरात मला 'जरा थांब' असं सांगावं लागतं. व्यक्तिमत्त्व सहसा फारसं बदलत नाही, असं मी वर्गात शिकवते आणि शिकवताना माझं मलाच हसू येतं.

आणि गेल्या आठवड्यात तो कागद. कोपऱ्यात तुमचं तिरकं अक्षर, पेन्सिलीचं. 'सापळ्यात एकूण एक ठिकाणी अडकली. बोलकी मुळीच नाही. मग ही उत्तरं कोणाची? विचारणे. सर्व्हेला घेणे.' 'घेणे'पुढे बरोबरची खूण आहे. 'विचारणे'पुढे काही नाही. मी त्या धुळीत फतकल मारून बसले आणि इतकी हसले की शिपायानं न विचारता चहा आणून ठेवला. म्हणजे तुम्ही फसला नव्हताच! पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक असून तुम्ही मला साखरखेर्ड्याच्या त्या अंगणात एकटीला सोडून गेलात. काय म्हणावं तुम्हाला? बाकीचे जुने कागद मी नियमाप्रमाणे फाडले. हा पर्समध्ये घातला आहे, रागवायचं तर रागवा.

आता हे पत्र तुमच्या घरी पाठवावं असं एकदा मनात आलं, पण तुमच्या मुलांना यातलं काय कळणार, म्हणून राहू देते. तुमचं विचारायचं राहिलं, तर मी न विचारता सांगते. ती उत्तरं तुमची होती, मॅडम. कॉलेज सुरू झालं त्या पंधरवड्यात मी तुम्हाला रविवारच्या बाजारात पाहिलं होतं. "काऊन बे, एवढा महाग लावून राह्यला?" असं तुम्ही लसूणवाल्याला हसत हसत दरडावत होतात, आणि पाच मिनिटांनी तोच तुम्हाला पोरीच्या अ‍ॅडमिशनचं विचारत होता. मी पेरूच्या गाडीमागे उभी राहून सगळं पाहिलं, पेरू न घेता. प्रात्यक्षिकाच्या दिवशी कागद समोर आला तेव्हा स्वतःबद्दल लिहायची लाज वाटली, म्हणून प्रत्येक वाक्यापाशी एवढाच विचार केला की त्या बाईनं काय लिहिलं असतं. 'मला कधीच राग येत नाही' यालासुद्धा मी बेधडक 'हो' लिहिलं. तुमची माझी नीट ओळख व्हायची होती तेव्हा.