आगीला न दाखवलेलं दूध

आश्विन वद्य ७, शके १८८१

घरातल्या सगळ्यांची विचारपूस झाल्याशिवाय वही उघडायची नाही, ही माझी खोड. लेकाचा, भिकूचा खोकला बसला, ज्येष्ठमध कामी आलं. सूनबाई तारा बरी. सातवा लागला, संध्याकाळी पाय सुजतात, पण तोंडाला चव आहे. पुण्याहून यमुनेचं कार्ड. लेक बरी, जावईबापू बरे, दिवाळीला येतात. माझा गुडघा कुरकुरतो. जुनं कूळ आहे, जागा सोडायचं नाही.

हरणी गाय मात्र बरी नाही. वैरण हुंगते नि सोडते. अजून महिना आहे व्यायला. पाठीवर हात ठेवला तर कातडं थरथरवते.

वद्य ९

हरणी पहाटे गाभडली. कालवड होती. अंगावर लव आलेली, खूर मऊ, लोण्यासारखे. मीच ओढून काढली, मीच जांभळीखाली पुरली. वार दुपारपर्यंत पडेना, तीही हातानेच काढली. तेवढ्यात शेजारच्या रखमाआक्काची गाभण गाय मोरी काट्यांच्या कुपाटीतून मान घालून तिथलं ओलं गवत चाटत होती. हाकलली.

भिकू उठला. भात कापायला गेला. ताराला बघू दिलं नाही, पण घरात काय लपतं. म्हणाली, "आत्याबाई, तिला कळत असंल का, आपलं गेलंय त्ये?"

म्हटलं, गुरांना विसर असतो. उगाच म्हटलं. हरणी जांभळीकडे तोंड करून उभी आहे.

वद्य १०

रखमाआक्का येऊन बसली. म्हसोबाच्या नेमाची आठवण करून द्यायला. मला ठाऊकच होतं, सासूबाईंनी माझ्या वेळी केलं होतं. गाय गाभडली नि घरात बाई गरवार असली, तर त्याच गाईचं दूध बाईच्या नावाने दर रविवारी म्हसोबाला न्यायचं. आगीला दाखवायचं नाही. थोडं देवावर, उरलेलं बाईने प्यायचं, थेट बाळंत होईपर्यंत. देवाने घरातलं एक घेतलं, मग दुसरं मागत नाही.

आणि मधे मोडलं तर? रखमाआक्काने पदराने तोंड पुसलं नि उठली.

नाहीतरी आमच्याकडे धारोष्णच चालतं. कासेखालून तांब्यात, तांब्यातून तोंडात. चहापुरतं काय ते चुलीवर जातं. माझी दोन्ही पोरं त्याच्यावरच वाढली.

ताराला आई नाही. तिच्या बापाने मुठ्याहून पाठवणी करताना तिचा हात माझ्या हातात दिला, म्हणाला, हिचं माहेर नि सासर दोन्ही तुमीच. ते वाक्य अजून पदराच्या गाठीत आहे. पोराचं तोंड दिसेपर्यंत सुटायचं नाही.

वसुबारस

वासरावाचून गाय कशी पुजायची? बाया दरसाल आमच्या गोठ्याशी थांबतात. यंदा ताटं घेऊन पुढे गेल्या, ज्यांच्या दावणीला वासरू आहे तिकडे. कुणी वाईट बोललं नाही. नुसत्या पुढे गेल्या.

मी हरणीला एकटीलाच ओवाळलं. कुंकू लावू देईना, मान झटकली. सगळं कुंकू माझ्या मनगटावर.

पाडवा

आज पाडवा, नि पहिला रविवारही. हरणीचं दूध तांब्यात, वर पळसाचं पान, म्हसोबावर धार घातली, उरलेलं ताराला दिलं. तिने डोळे मिटून प्यायलं. मिशी आली पांढरी. हसलो आम्ही दोघी.

यमुना नि जावईबापू (पुढे जा.बा. एवढंच लिहीन, शाई तळाला गेली आहे) सकाळीच आले होते. जा.बा. पुण्याला दुधाच्या कारखान्यात. आमच्या फाट्यावरून लॉरी कॅन उचलते ना, ते दूध तिथेच जातं. मशीनमध्ये तापवायचं, तापलं की लगेच गार करायचं, काचेच्या बाटलीत भरायचं, वर चंदेरी टोपी. एक बाटली आणली होती. सगळ्यांनी घोटघोट घेतलं. भिकू म्हणाला, "पानी हाय निम्मं." मला वाटलं, मोठ्या दुखण्यातून उठलेली बाई कशी असते, तीच असते पण डोळ्यांत काही नसतं, तसं हे दूध.

म्हटलं, शहरात दहा गावचं एकत्र, कोण जाणे कुणाचं, तिथे तापवायलाच हवं. आमची गाय आमच्या डोळ्यांसमोर आहे.

जा.बा. म्हणाले, "आई, दिसायला चांगलीच असते गाय. ताराला उकळून देत चला."

जावयाला उलट बोलत नाही मी. म्हटलं, बरं बरं. मग त्यांनी वासराची चौकशी केली, नि मी सगळं सांगितलं. गाभडली ते, नेमाचं, सगळं. त्यांच्यापुढे धारोष्णाचा तांब्या ठेवला होता. तो त्यांनी दोन बोटांनी हळूच बाजूला सरकवला. मला लागलं. यमुनेनेही पाहिलं.

निघताना बैलगाडीत चढता चढता पुन्हा तेच म्हणाले, उकळून द्या. मी गुडघा चोळत बसले.

कार्तिक शुद्ध १२

तुळशीचं लग्न. तारा उत्साहात होती, ऊस बांधला, चिंचा-आवळे लावले. संध्याकाळी अंग मोडून आलं म्हणाली. झोपली. पहाटे अंथरूण ओलं, जसं कुणी कळशी ओतली. सकाळी ठणठणीत. धान्य निवडत बसली.

उन्हातान्हात खळ्यावर गेली होती, त्याचं असेल.

पौर्णिमा

ताप रोज दिवेलागणीला येतो, पहाटेला घामावाटे जातो. येताना कुणाला विचारत नाही, जाताना सांगत नाही. कंबर धरते. गवती चहा, तुळस, सुंठ, सगळं झालं. रखमाआक्काने मीठमोहऱ्या उतरवल्या. म्हणाली, "अंगात रगत न्हाई पोरीच्या. दूध वाढीव."

वाढवलं. आता सकाळचं नि संध्याकाळचं, दोन्ही धारांचं.

वद्य ३

दोन दिवस ताप नाही. देवाला नारळ. तारा पाटा घेऊन बसली, मी उठवलं. पोटावर माझा हात ठेवला तिने, आत पोराने चांगली ढुशी मारली. भिकूसारखाच दांडगा होणार.

वद्य ५

पुन्हा ताप.

वद्य १०

मोरी गाभडली.

रखमाआक्का ओट्यावर बसून होती, डोक्यावर पदर नाही. तिला तशी मी कधी पाहिली नव्हती. म्हणाली, "तुज्या दारचं गवत चाटलं तिनं." मग म्हणाली, जाऊ दे, देवाची मर्जी. तिच्याही सुनेला, कमळीला, नुकते दिवस गेलेत. आता तिथेही रविवारचं दूध सुरू होणार.

मला एकाएकी जा.बां.ची ती दोन बोटं आठवली.

वद्य १२

भिकू पौडहून ढोरांच्या डॉक्टरला घेऊन आला. मला न विचारता. पोरगेलासा, सायकलीवर, पायांत चिखल. दोन्ही गायांच्या मानेतून रक्त काढलं, काचेच्या नळ्यांत भरलं, पुण्याला तपासायला. मग बोलत बसला. गाभडलेलं कुणी काढलं? मी. हाताला काही लावलं होतं? काय लावणार, राख. दूध कोण पितं? सगळे. तापवून? चहापुरतं.

तारा दारात येऊन उभी राहिली. त्याने तिच्या पोटाकडे पाहिलं. मग मलाच हळू म्हणाला, "आजी, एक रोग असतो, गाय गर्भ टाकते त्यात. गाय वरून धडधाकट दिसते. पण तो दुधातून माणसात उतरतो. ताप चढतो-उतरतो, आठवडे. रक्ताचं कळेपर्यंत दूध चांगलं उकळी येऊन द्या. आणि यांना पुण्याला दाखवा."

नेमाचं सांगितलं त्याला. हसला नाही, हे त्याचं चांगलं. म्हणाला, "देवाला कच्चं न्या. माणसाला तापवून द्या."

पण नेम तसा नाहीच. देवापुढचं उरलेलं, तेच, आगीला न दाखवता. अर्धा नेम म्हणजे अर्धा पूल.

रखमाआक्का कुपाटीतून ऐकत होती. डॉक्टर गेल्यावर म्हणाली, "चुली काय आज आल्या व्हय? आपल्या सासवांना उकळाया येत न्हवतं? आन् आता मधी सोडशील तर त्यो सोडंल का?"

भिकू म्हणाला, "आये, पुण्याला न्हेतो तिला." खळ्यावर भात ओलं पडलंय. म्हटलं, दोन दिवस थांब.

वद्य १४, रविवार

ताराला कच्चंच दिलं.

डॉक्टर म्हणतो ते खरं असेल तर विष दिलं. रखमाआक्का म्हणते ते खरं असेल नि दिलं नसतं तर... ताराने तांब्या घेण्याआधी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "पिऊ का नको, आत्याबाई?" असं नव्हतं विचारलं तिने. "पिऊ ना?" असं विचारलं. मी मान हलवली. तिने प्यायलं.

दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. पोळतच नाही ते दूध कसं फुंकायचं?

मार्गशीर्ष शुद्ध २

माझंही अंग दुपारनंतर कसकस करतं. गुडघा सुजला आहे, हा नेहमीचा नव्हे. कुणाला बोलले नाही. भिकूला चहा केला, त्यासाठीचं दूध उकळी येईपर्यंत ठेवलं. साय जाड आली. बघत बसले.

चंपाषष्ठी, रविवार

केलं ते लिहून ठेवते.

सकाळी हरणीची धार काढली, तांब्यावर पान ठेवलं, ताराला नि भिकूला बरोबर घेतलं. म्हसोबाला धार घातली, कच्ची, रीतीप्रमाणे. मग तिथेच देवासमोर तीन दगड मांडले. भिकूने काटक्या आणल्या, त्याला काही सांगावं लागलं नाही. उरलेलं दूध पातेल्यात ओतलं नि पेटवलं.

बांधावर रखमाआक्का उभी होती, कमळीला घेऊन.

दूध वर आलं. उतू जाऊ दिलं. पुन्हा आलं, पुन्हा जाऊ दिलं. करपट वास सुटला. म्हटलं, देवा, कच्चं तुझं, हे तिचं. तुझ्यापुढ्यातनं उचललं नाही मी, तुझ्यापुढ्यातच तापवलं. राग आला तर म्हातारी इथे उभी आहे, हिशेब माझ्याशी कर.

गार करून ताराला दिलं. प्याली. म्हणाली, "ग्वाड लागतंय." बरं वाटलं मला. बऱ्याच दिवसांनी.

येताना बांधावरून रखमाआक्का माझ्याकडे बघत नव्हती, ताराच्या पोटाकडे बघत होती.

शुद्ध ८

काल संध्याकाळपासून पोर पोटात फिरत नाही म्हणते तारा. रात्रभर माझा हात पोटावर. मधे एकदा हललं असं मला वाटलं. तिला नाही वाटलं.

पहाटे फाट्यावर गेलो. एस.टी.ला अवकाश होता. दुधाची लॉरी आली. ड्रायव्हर ओळखीचा, म्हणाला बसा की पुढं. तारा पुढे, भिकू मागे कॅनांच्या मधे पाय आखडून. आमचा कॅनही त्यातच. लॉरी वळणावर दिसेनाशी झाली तरी कॅन वाजत होते.

ते सगळं दूध दुपारपर्यंत तापेल.

शुद्ध १०

भिकू भातासाठी परत आला. ताराला इस्पितळात ठेवलंय. यमुना जवळ आहे, जा.बा. रात्रपाळी करून तिथेच जातात. ताप आहे. डॉक्टर रक्त घेतात, सुया देतात. पोराचे ठोके लागतात, एक डॉक्टर म्हणाला. दुसरा म्हणाला, थांबा. भिकूने एवढंच सांगितलं नि विळा शोधायला लागला. विळा त्याच्या हातातच होता.

गायांच्या रक्ताचं अजून काही कळलं नाही.

रखमाआक्काकडे गेले. म्हटलं, कमळीला कच्चं देऊ नको गं, माझ्याकडे बघ. ती म्हणाली, "तुजंच बघतुया. तू चूल पेटवलीस रविवारी, आन् लगोलग पोर पोटात गप झालं. म्या पेटवू व्हय?"

तिच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं. म्हणून जास्त भीती वाटते.

शुद्ध १३, रविवार

हरणी बरी दिसते. वैरण खाते, डोळे स्वच्छ, कातडी तकतकीत. कुणीही बघून म्हणेल, लक्ष्मी आहे. तिचं दूध सगळं उकळते आता. कालच्या उकळीत पातेलं करपलं, घासत बसले तर हातात जोर नाही. थंडी भरली. घोंगडी घेऊन ऊन खात बसले होते, तेव्हा कमळी गेली समोरून. हातात तांब्या, वर पळसाचं पान. रखमाआक्काच्या घरातून सकाळपासून धूर नव्हता. मी हाक मारली. कमळी थांबली, हसली, पुढे गेली.

उद्या पुन्हा जाईन तिच्या दारात. हाकललं तरी जाईन.

यमुनेला कार्ड लिहिलं. इथे उतरवून ठेवते, काय विचारायचं राहिलं ते कळावं म्हणून.

"चि. यमुनेस आशीर्वाद. तारा कशी आहे? ताप संध्याकाळी येतो की दिवसभर? जेवते का? पोटात काही हललं का, ती काय म्हणते ते लिही, डॉक्टर म्हणतात ते वेगळं लिही. तू झोपतेस का? जावईबापूंना सांग, त्यांनी तांब्या सरकवला त्याचा राग गेला माझा. त्यांना इकडच्या गायांचं कुणाकडून कळत असेल तर विचारावं. भिकू बरा आहे. मी बरी आहे, गुडघा नेहमीचा. ताराला म्हणावं, माहेर नि सासर दोन्ही दारात उभं आहे. पोस्टाची वाट बघू नकोस. संध्याकाळी लॉरी रिकामे कॅन घेऊन परत येते, ड्रायव्हरजवळ दोन ओळी दे. मी रोज फाट्यावर असते. जे असेल ते लिही, पण लवकर लिही."