चाळीस दिवसांची दाढी

झ्लाकुसा, ३० सप्टेंबर

चि. यागोदास अनेक आशीर्वाद.
फोनवर तुझं बोलणं मला नीट ऐकू येत नाही आणि कॉम्प्युटर उघडत नाही, म्हणून कागद घेतला. तुझी आई जाऊन बारा दिवस झाले. रीतीप्रमाणे चाळीस दिवस वस्तरा लावायचा नाही म्हणून दाढी वाढवली, तर ते यंत्र मला ओळखेनासंच झालं! आकडे माझ्या लक्षात राहत नाहीत म्हणून तिनेच माझ्या चेहऱ्याचं कुलूप बसवलं होतं. आकडे फक्त तिला ठाऊक. आत तिचा व्हिडिओ आहे, मिरच्या भाजता भाजता माझ्यावर डाफरतानाचा. तिला बघावंसं वाटतं गं.
पाय प्लास्टरमध्ये असताना अंत्यविधीला कशी येणार होतीस? मनात ठेवू नकोस. शेजारचा मिलुतिन सूप आणून देतो. खारट असतं.
तुझा बाबा

ओस्लो, ६ ऑक्टोबर

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.
आधी हसले, मग रडले. अहो, करून टाका ना दाढी! आई असती तर तिनेच वस्तरा हातात दिला असता. यंत्रच मूर्ख. मी तुम्हाला हजारांत ओळखलं असतं.
प्लास्टर निघालं. पण आमच्या हॉस्पिटलात कामाला माणसं कमी आहेत, सुटीचं नाताळनंतर बघू. जेवत जा.
तुमची यागोदा

झ्लाकुसा, १२ ऑक्टोबर

चि. यागोदास आशीर्वाद.
चाळिसाव्याआधी दाढी निघायची नाही. त्रेचाळीस वर्षं तिने माझं सगळं केलं, मला तिच्यासाठी एवढंच करता येतं. रोज सकाळी कॉफी घेऊन त्या कॅमेऱ्यासमोर बसतो. तो शोधतो, शोधतो आणि आकडे मागतो. तेवढंच कुणीतरी माझ्याकडे बघतं. मिलुतिनही मुलाकडे गेलाय.
बसच्या पासासाठी फोटो काढले, त्यातला एक पाठवतो. यंत्राचं खरं की माझं, तूच ठरव. सुटीचं जमेल तसं बघ.
बाबा

ओस्लो, १९ ऑक्टोबर

ती. बाबांस सा. न.
पाकीट उघडलं तर फोटो खाली पडला. उचलला आणि वाटलं, हे म्हातारे कोण? चुकून मिलुतिनकाकांचा आला की काय? मागे तुमची सही दिसली तेव्हा कळलं. तीन वर्षं मी आले नाही, आणि मूर्ख म्हटलं यंत्राला! फार लाज वाटते, बाबा.
सुटी भांडून घेतली. सव्वीसला दुपारच्या बसने येते. चाळिसाव्याला दोघं आईच्या कबरीवर जाऊ, मग दाढी करा, मग तिला बघू. तोवर वस्तरा लावू नका. हा चेहरा मला आधी नीट बघायचाय.
बसथांब्यावर या. मी समोरून तशीच पुढे गेले, तर हाक मारा.
लोभ आहे तोच ठेवा.
यागोदा