आक्काचं कच्चं काम

शहापूर, बेळगाव
२ डिसेंबर २०२५

चि. जया हिस, अ. उ. आ.

फोनवर तू मध्येच हसतेस आणि माझं बोलणं अर्धं राहतं, म्हणून लिहिते आहे.

बावीस तारखेला गणित दिन. माझ्या जुन्या शाळेनं मला बोलावलं आहे. आप्पांच्या मागावरचा कोयरीचा काठ मी समीकरणांतून पडद्यावर काढून दाखवणार, असं सांगून बसले. गल्लीत आता एकही माग उरलेला नाही. माझ्याकडे काठाचा फक्त फोटो आहे, कारण साडी आप्पांनी तुला दिली. मला कॉन्व्हेंट दिलं, तुला साडी. असो.

जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेलं एक फुकट गणिताचं सॉफ्टवेअर आहे, त्यात काम चाललं आहे. पण वळायच्या जागी प्रत्येक कोयरीला शिंग फुटतं. त्यांच्या मदतीच्या चर्चापानावर मी प्रश्न टाकला. आधी माझी ओळख दिली, मग सगळ्या ओळी स्वच्छ, क्रमवार पुन्हा लिहून काढल्या. उत्तर आलं की, आमच्याकडे कोयरी नीट येते, तुम्ही जे टाईप केलंत ते जसंच्या तसं पाठवा. म्हणजे कच्चं काम! कॉन्व्हेंटात सिस्टर रोझलीन कच्च्या कामाचं पान दुमडायला लावायच्या, ते उघडं दिसलं तर वर्गाबाहेर. मी आणखी सुबक प्रत पाठवली. तेव्हापासून सगळे गप्प.

मूळ फाईल तुला मेल केली आहे. कोयरीची गोलाई साडीशी ताडून बघ, बाकी कशाला हात लावू नकोस. गणितात तुला छत्तीस गुण होते, हे मी विसरलेले नाही.

तुझ्या यजमानांना नमस्कार. माया आहे, ती राहू दे.
तुझी आक्का, मंजुश्री


निपाणी
७ डिसेंबर २०२५

ती. आक्कास, जयाचा सा. न.

गोलाई बरोबर आहे गं. साडी पलंगावर पसरून बघितली. शिंग मात्र लई मोठं आहे, बैलपोळ्याला शोभेल असं.

आता रागावू नकोस. तुझी फाईल मी त्या चर्चापानावर टाकली. माझं इंग्रजी मराठी शाळेतलं, म्हणून एवढंच लिहिलं की ही माझ्या बहिणीची आहे, मला यातलं काही कळत न्हाय, पण तिला कार्यक्रम आहे. चहा घेईपर्यंत तिघांनी उत्तरं दिली. पोर्तुगालच्या एक बाई म्हणाल्या, ओळींशेजारच्या क्रमांकांत एक क्रमांक गळलाय, तिथली ओळ ताईंनी खोडली असणार. फळ्यावरचं पुसलं की संपतं, पण इथं ओळ खोडली तरी तिच्यातली किंमत यंत्र धरून ठेवतं. सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून पुन्हा चालू केलं की जाईल. तुझ्या सुबक प्रतीत ती ओळच नव्हती, म्हणून त्यांच्याकडे सगळं चालत होतं.

त्या मला जयाजी म्हणतात. साडीचा फोटोही मागितला.

तब्येत जप. लोभ कमी करू नये.
जया


शहापूर, बेळगाव
११ डिसेंबर २०२५

चि. जया, आशीर्वाद, पण नाइलाजानं.

तू माझं कच्चं काम साऱ्या जगापुढे वाळत घातलंस. त्यात मध्ये मध्ये मी यंत्राला उद्देशून 'मेल्या, वळ की आता' असं लिहिलं होतं. कुणीतरी त्याचं भाषांतर करून खाली हसरे चेहरे काढलेत. एका जर्मन गृहस्थानं तेच वाक्य आपल्या कामात लिहिल्याचं अभिमानानं कळवलं आहे.

मी आयुष्यभर गणित शिकवलं, तर मला दोन ओळींत वाटेला लावलं. तू जन्मभर मराठीच्या कविता शिकवल्यास, तर जयाजी! साडीच्या फोटोला चाळीस जणांनी वाहवा केली आहे. साडी तुझी, माणसं तुझी, आता माझी चूकसुद्धा तुझ्या नावावर.

परक्यांच्या सांगण्यावरून मी काही बंद-चालू करणार नाही. शाळेला नाही म्हणून कळवेन.

मंजुश्री


निपाणी
१५ डिसेंबर २०२५

ती. आक्का, पायांवर डोकं.

शाळेला नाही म्हणू नकोस. आप्पांचा काठ माझ्या ट्रंकेत घडीवर विरत चाललाय, दोन ठिकाणी बोट जातं. तो पडद्यावर कुणी धरू शकलं तर तूच. बाकी कुणाला ते येत न्हाय.

आणि खरं सांगू? मला मजा आली. गणितात कुणी मला शाबास म्हटलं, ते जन्मात पहिल्यांदाच. शाबासकी तुझ्या चुकीची होती, तरी मी घेतली. तू कॉन्व्हेंटचा निळा फ्रॉक घालून जायचीस, तेव्हा दारात उभी राहून मी काय काय गिळलंय, ते तुला कुठं ठाऊक आहे?

तू लॅपटॉपचं नुसतं झाकण मिटतेस ना गं? एकदा पूर्ण बंद कर.

तुझीच, रुसलीस तरी,
जया


शहापूर, बेळगाव
२४ डिसेंबर २०२५

चि. जया हिस, अ. उ. आ.

पूर्ण बंद केलं. चालू केलं. शिंग गेलं. कोयरी इतकी सरळ मनानं वळली की मी ती आणखी दोनदा काढून बघितली.

शाळेत काठ पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उमटला. मी सांगितलं की काम माझं, खोडलेली ओळ माझी, मदत मागितली ती निपाणीच्या बहिणीनं. टाळ्या तुझ्या नावाला जास्त पडल्या. तू तिथं नव्हतीस, तरी! मला ते आवडलेलं नाही, हे लेखी कळवते.

म्हणून आज सकाळी मी त्या चर्चापानावर स्वतः बसले. केरळातल्या एका बाईंचं वर्तुळ जुळत नव्हतं. त्यांनी अगदी टापटीप प्रत लावली होती. मी लिहिलं की, बाई, कच्चं पाठवा. त्यांनी पाठवलं, चूक दिसली, मी दाखवली. तू उठायच्या आत उत्तर देऊन मोकळी झाले. मनापासून आभार मानले त्यांनी. आणि खाली विचारलं की, जयाजींच्या आक्का त्या तुम्हीच का?

मी उठले. चहा केला, तो निवला. मग 'हो' एवढंच लिहिलं.

पुढच्या वेळी माझ्या आधी उत्तर द्यायची घाई करू नकोस. आहे तशी माया असू दे.
तुझी आक्का