तिसऱ्या घरचा नर

प्रिय धोंडीराम,

तुझी उमापूरची डुकरं तुझ्यासारखीच सुखात लोळत असतील. इथे धारूरला माझी काळी परवा व्याली. सहा पिल्लं. दोघांना शेपटीखाली वाटच नव्हती, तिसरं आईच्या सडापर्यंत पोचलं नाही. संस्कृत शिकवणारा शैव माणूस विष्णूचा वराह अवतार पाळतो म्हणून पाहुणे आधीच हसतात. आता अवतारकार्यच संपत आलंय.

बीडच्या जनावरांच्या डॉक्टर उज्ज्वलाबाईंनी दोन्हीकडच्या कानाचे केस तपासायला नेले होते (डुकरांच्या, तुझ्या-माझ्या नव्हे), त्यांचा निकाल आला. मी ऐटीत सांगितलं, आम्ही दर दोन वर्षांनी एकमेकांचा नर घेतो, रक्त बदलतं. बाई शांतपणे म्हणाल्या, सर, अकरा वर्षं तुम्ही त्यांचा नेताय, ते तुमचा. आता ही दोन घरं राहिलीच नाहीत. म्हणजे दर खेपेला मी माझाच पणतू मिरवत घरी आणत होतो. सपिंडात लग्न नको, हा नियम वर्गात पाठ करून घेतो मी, आणि कुंपणाच्या आत हे. कुठूनही मोजलं तरी फिरून तिथेच येतो.

तिसऱ्या घरचा नर हवा, नाहीतर वर्षभरात दोन्ही कळप संपले. तसा नर एकाकडेच आहे, तुझ्या धाकट्या भावाकडे, अंगदकडे. तुझ्याशी बोलणं टाकल्यावर त्याने ते वाण बिदरकडून आणलं होतं. त्याच्या बीडच्या घरी जाऊन आलो. रविवारी तो नर कापायला देणार आहे. मी मागितला तर म्हणाला, तुमाला न्हाई देणार, सर; दादानं येऊन मागावा, मग खुशाल न्या. चहा मात्र दोनदा पाजला. तुझाच भाऊ.

तू म्हणशील, मी कशापायी जाऊ? तर ऐक. तू मला दिलेला पहिला नर तू आधी अंगदला कबूल केला होतास. तू विसरलास. मला आठवत होतं, मी बोललो नाही. जनावर लई देखणं होतं. अंगदला वाटतं दादानं मुद्दाम डावललं, तुला वाटतं तो उगाच रुसला, आणि अकरा वर्षं मी दोघांच्या मधे गप्प बसून आहे. काल त्याच्याकडे हेही सांगायला गेलो होतो, दुसरा चहा पिऊन तसाच उठलो. शनिवारी दादा येतोय, एवढंच सांगून आलोय. अकरा वाजता बीडच्या स्टँडवर ये. अंगदच्या दारात तू नुसता उभा राहा. आधी मी बोलेन.

तुझाच,
वैजिनाथ