मशीनबरोबर आलेली वही

११ फेब्रु., सोम.
कागदी वही आजपासून बंद. खडकीच्या फॅक्टरीत एकतीस वर्षं तपासनीस होतो, रोजची वही तेव्हापासूनची. रिटायर झाल्यावरही सोडली नाही. पण आता माझंच अक्षर मला लागत नाही. ओळीच्या सुरुवातीला हरभऱ्याएवढं, शेवटाला मोहरीएवढं. कालच्या पानावरचं शेवटचं वाक्य भिंगातूनही वाचता आलं नाही.

बँकेत सही जुळली नाही. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, नेहमीसारखी करा." म्हटलं, नेहमीची तुमच्याकडेच आहे, दाखवा, नक्कल करतो. हसली नाही. सुधा शेजारीच उभी होती. "घाई कसली असते तुम्हाला?" एवढंच म्हणाली. वाचलो.

म्हणून निखिलचा मॅक कॉम्प्युटर काढला. गेल्या गणपतीत शिकागोहून आला तेव्हा त्याचा जुना इथे ठेवून गेला, सगळं लावून देऊन. "बाबा, काही बिघडत नाही, बिनधास्त दाबा." एका बोटाने दाबतोय. डायरी लिहायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, त्यात हे लिहितोय. एवढ्याला पाऊण तास लागला.

१३ फेब्रु., बुध.
स्वारगेटच्या डॉक्टरीणबाई. सु.ला सांगितलं, खडकीला जुन्या मंडळींना भेटायला चाललोय. बाईंनी बोटं टपटप आपटायला लावली, चालवलं, एकच वाक्य दहादा लिहून घेतलं. दहावं बघून म्हणाल्या, कंपवात. मला अंदाज होताच. तरी बाहेर आल्यावर चुकीच्या बसमध्ये बसलो.

"घरी कोण असतं?" बायको. "पुढच्या वेळी त्यांना घेऊन या." बरं म्हटलं. नेणार नाही.

सु.ला सांगितलं की निखिलला कळलंच. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. आणि नि.ला कळलं की तो बॅग भरून हजर. सु.च्या ऑपरेशनच्या वेळी असाच आला होता, न विचारता, तिकडची नोकरी सोडून. व्हिसा गेला. मग दीड वर्ष हिंजवडीत मनाविरुद्ध काढलं आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं. आता कुठे बस्तान बसलंय, पोरगी शाळेत रमलीय. माझ्यापायी पुन्हा तेच? मेलो तरी नाही.

तेव्हा हे लिहायचं कुठे, हा प्रश्न साधा नाही. लिहिल्याशिवाय मला राहवत नाही आणि कुणाच्या हाती लागता कामा नये.

१४ फेब्रु., गुरु.
रोगाला इथून पुढे कं. म्हणेन. टायपायला सोपं.

फुकटचं सॉफ्टवेअर नापास. आधी ईमेल मागितला, मग फोन नंबर, आज विचारतंय की तुमच्या मित्रांनाही बोलवा. कशाला? माझी बोटं बघायला? शिवाय बंद करून उघडलं तर निम्मी अक्षरं चौकोन झालेली. धर्माची गाय, दात का नाय, असं म्हणू नये हे कबूल. पण ही गाय दूध देत नाहीच, वर घरच्यांची नावं विचारते.

१५ फेब्रु., शुक्र.
विकतचं उतरवलं. चौदा दिवस वापरून बघायचं, मग वर्षाची वर्गणी. कुलूप आहे, पासवर्डशिवाय उघडत नाही. हे बरं. मागचं सगळं इकडे उचलून आणलं.

सु. विचारत होती, इतकं काय टायपता? म्हटलं, आठवणी लिहितोय. "माझ्याबद्दल चांगलं लिहा," म्हणाली, "वाचायला कोणी नसलं तरी."

१७ फेब्रु., रवि.
साडेआठला नि.चा फोन, नेहमीप्रमाणे. चेहरा दिसतो ही मोठीच पंचाईत. उजवा हात मांडीखाली दाबून बसलो. वीस मिनिटांत मुंग्या आल्या. "मॅक वापरताय ना?" हो. "छान." त्याच्या छान म्हणण्यात इतका आनंद होता की वाईट वाटलं.

१९ फेब्रु., मंगळ.
विकतच्याचीही लक्षणं ठीक नाहीत. उघडलं की विचारतं, आज कसं वाटतंय? खाली पाच तोंडं, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. एकतीस वर्षांत साहेबाने कधी विचारलं नाही, हा कोण?

खरी अडचण पासवर्डची. बोट उचलेपर्यंत तेच अक्षर दोनदा पडतं. तीनदा चुकलं की पाच मिनिटं दार बंद. आज चार वेळा बंद झालं. स्वतःच्या घराबाहेर किल्ली हातात घेऊन उभा आहे असं वाटलं. शेवटी चिडून टेबलावर मूठ आपटली. सु. धावत आली. म्हटलं, डास.

२३ फेब्रु., शनि.
सकाळी दूधवाला. इथलाच, मांजरी गावातला. मी पातेलं धरलं, तो ओततोय, पातेलं हलायला लागलं. "काका, थंडी वाजतीया का? हात हालतोय तुमचा." सु. मागेच उभी. म्हटलं, "अरे, तूच नेम धरून ओत." तो हसला. सु. हसली नाही. पातेलं माझ्या हातातून घेतलं आणि आत गेली.

दिवसभर वाट बघत होतो की ती आता विचारेल. नाही विचारलं. कोशिंबिरीत मीठ जास्त पडलं होतं, तेही मी बोललो नाही.

२५ फेब्रु., सोम.
विकतचं बंद केलं. चौदा दिवस पुरे व्हायच्या आत वर्गणीचं पान समोर आलं. परवडत नाही असं नाही. पण वर्षाची भरायची म्हणजे वर्षभर हे बोट चालणार, असं मी कुणाला तरी लिहून दिल्यासारखं. ते मला जमेना. शिवाय वर्गणी संपली की जुनी पानं नुसती बघायची, हात लावायचा नाही. माझीच वही मी भाड्याने का घेऊ?

मॅकमध्ये मूळचंच एक नोट्स आहे, पिवळ्या वहीचं चित्र असलेलं. मशीनबरोबर आलेलं. इतके दिवस त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. ना ईमेल मागितला, ना नाव, ना कसं वाटतंय. अक्षरं शाबूत. बाहेरच्याचा संबंध नाही, घरातलं घरात. पास. सगळं इथे आणून ठेवलं. आता मनमोकळं लिहितो.

२६ फेब्रु., मंगळ.
सकाळचा चहा मीच करतो, सु. सातला उठते. हल्ली कप अर्धाच भरतो. पूर्ण भरला तर टेबलापर्यंत येईस्तोवर निम्मा बशीत. सु. उठायच्या आत कप विसळून ठेवतो. याला उपाय म्हणायचं की चोरी, कळत नाही.

गोळ्या दाढीच्या सामानाच्या डब्यात. मळमळतं. बाई म्हणाल्या होत्या, सवय होईल.

३ मार्च, रवि.
नि.चा फोन. आज तो बोलेना. मीच बोलत होतो, आजूबाजूला ऊस तोडून झालाय, नव्या सोसायटीचे खांब उभे राहताहेत, वगैरे. मध्येच म्हणाला, "बाबा, तुम्ही बरे आहात ना?" बरा आहे. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. म्हटलं, किती वेळा विचारशील? "बरे असाल तर तितक्यांदा हो म्हणा." हे त्याच्या आईचं वळण.

फोन ठेवल्यावर सु. बाल्कनीत जाऊन कपडे वाळत घालत बसली. बादलीत दोनच कपडे होते.

६ मार्च, बुध.
शर्टाची बटणं लावायला अकरा मिनिटं. घड्याळ लावून बसलो होतो. शेवटचं लागलंच नाही. सु. देवळात गेली होती. खुर्चीत बसून रडलो. आई गेली तेव्हाही इतका रडलो नव्हतो. मग तोंड धुतलं आणि टी-शर्ट घातला.

मरायची भीती नाही वाटत. कुणीतरी मला भरवेल याची वाटते. सु.ने वरणभात कालवून घास पुढे केलाय आणि मी तोंड उघडतोय, हे दिसतं डोळ्यांसमोर. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याचा माल नापास केला, त्याने हे कसं सोसायचं?

१० मार्च, रवि.
नि.चा फोन. बरा आहे. पोरगी सायकल शिकली. बाकी विशेष नाही.

११ मार्च, सोम.
उजवा गुडघा धरलाय. जिना उतरताना जीव जातो. कुणाला बोललो नाही.

१३ मार्च, बुध.
आता सगळं लिहितो, कारण लपवून लिहायला जागा उरली नाही.

रविवारी फोन ठेवता ठेवता नि. म्हणाला, "बाबा, चहा अर्धा अर्धा दोनदा घेत जा. एकदाच अर्ध्यावर भागवू नका." मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर गार पडलो. अर्ध्या कपाचं मी जगात कुणालाही सांगितलेलं नाही. फक्त इथे लिहिलंय. म्हणून रविवारी त्याबद्दल इथे अक्षर लिहिलं नाही.

फॅक्टरीत एखाद्या तपासणाऱ्याचा संशय आला की आम्ही चांगल्या मालात एक मुद्दाम बिघडवलेला नग सोडायचो आणि तो कुठे वर येतो ते बघायचो. गुडघा हा तो नग. माझा गुडघा ठणठणीत आहे.

वाटलं होतं, नि.चा फोन येईल. आला नाही. आज संध्याकाळी सु. गरम पाण्याची पिशवी घेऊन आली, माझ्यासमोर स्टुलावर बसली आणि म्हणाली, "कोणता? उजवा ना?"

म्हटलं, "तुला कुणी सांगितलं?"
"तुम्हीच की."
"कधीपासून वाचताय दोघं?"
"सव्वीस फेब्रुवारीपासून. निखिलच्या फोनवर तुमची पानं उमटली. त्याला आधी वाटलं, तुम्हीच पाठवलीत. मग वाचत गेला. पोर रडत होतं फोनवर."
"आणि तू गप्प बसलीस?"
"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते." मग पिशवी माझ्या गुडघ्यावर नीट ठेवत म्हणाली, "तोंडात तीळ भिजत नाही म्हणे. पंधरा दिवस धरला होता हो तोंडात."

गुडघा खोटा आहे हे मी सांगितलं नाही. पिशवी तशीच ठेवली. गरम बरी वाटत होती.

नंतर तिने मॅकच्या सेटिंगमध्ये नेऊन दाखवलं. निखिलने तिला फोनवर समजावून ठेवलं होतं. ढगाचं चित्र, बाजूला नि.चा फोटो, खाली नाव. मशीन त्याच्याच नावावर चालू होतं. इथल्या वहीत जे लिहाल ते त्याच्या तिकडच्या वहीत उमटतं. तो फोटो मी गणपतीपासून बघतोय. वाटायचं, मुलाने आठवण म्हणून लावून दिलाय. ज्या वहीने काही विचारलं नाही तिला सगळं आधीच माहीत होतं. तपासनीस म्हणे!

राग आला. दोघांचा आला, जास्त माझा. मी इतके दिवस हात मांडीखाली दाबून बसलो आणि ही दोघं तो दाबलेला हात बघत बसली होती.

१४ मार्च, गुरु.
कुणाशी बोललो नाही. जेवताना सु.ने वाटीत चमचा घालून ठेवला होता. मी तो वापरला.

संध्याकाळी म्हणाली, "तो विचारतोय, येऊ का म्हणून. राजीनामा लिहून ठेवलाय, दिलेला नाही. मी काही सांगितलं नाही. म्हटलं, बाबांना ठरवू दे. ते लिहितील, तू वाच."

१५ मार्च, शुक्र.
सेटिंगमध्ये एका खुणेवर बोट दाबलं की हे तिकडे जाणं बंद होतं. सु.नेच दाखवलं. "पाहिजे तर काढा," म्हणाली, आणि स्वयंपाकघरात गेली. खूण काढलेली नाही.

नि., तू वाचतोयस म्हणून तुलाच लिहितो. रोग आहे, पण आजच्या आज काही होत नाही. गोळ्या लागू पडताहेत, बाई म्हणतात बरीच वर्षं निघतील. गुरुवारी पुन्हा जायचंय. आईला घेऊन जाणार आहे. तुझी नोकरी आहे, पोरीची शाळा आहे, एकदा आमच्यापायी सगळं मोडून झालंय. हे सगळं तुला माहीत आहे आणि मलाही.

येऊ नकोस, एवढंच लिहायचं म्हणून सकाळी नऊला बसलो. तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. हाताला दोष देता येईल, पण हात आज बरा आहे. ये, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणायचा मला हक्क नाही. पण येऊ नकोस हे आज माझ्याच्याने लिहवत नाही रे.

साडेअकरा झाले. सु. आतून विचारतेय, झालं का लिहून. म्हटलं, अजून नाही.