राजाच्या आधीची विहीर

आई, बोरिवलीहून तुझ्या पायांना हात लावते. घसा आता बरा आहे, काळजी नको.

रविवारी इथल्या आपल्या ग्राममंडळाची सभा आहे. जमलेल्या निधीतून गाव ज्याने वसवलं म्हणतात त्या राजाच्या नावाची कमान गावात उभारायची की बंदरावरची बुजत चाललेली विहीर उपसायची, ते तिथे ठरेल. अध्यक्ष भाऊ म्हणाले, "इरावती, भाषणात राजाचं नाव घे, टाळ्या पडतील."

मी म्हटलं, "भाऊ, राजा आला तो जकात घ्यायला. गाव त्याच्या आधीपासून उभं होतं."

सातशे वर्षांपूर्वी गलबतं आपल्याकडे थांबली ती गोड्या पाण्यासाठी. पाण्यापाशी बाजार बसला, बाजारापाशी विणकर आले. अरब असो की गुजराती, आपल्या माणसांनी आधी पाणी दिलं, नाव मग विचारलं. तू अजून तेच करतेस.

भाऊ चिडलेत. त्यांचा घरी फोन आला तर नुसतं ऐकून घे. मी मागे हटणार नाही.

गुडघा कसा आहे? तू विहिरीच्या पायऱ्या उतरू नकोस. त्या विहिरीचं कॅनभर पाणी उकळून एसटीने पाठवायला सर्वेशदादाला सांग. बोलायला उभी राहण्याआधी सभेत सगळ्यांना तेच देणार आहे. पहिला पेला भाऊंना.

तुझीच,
इरू