हेनेगनांच्या रांगेत

सव्हॅना, २ मार्च १९९८

प्रिय कोलम,

अभिनंदन. सेंट पॅट्रिकच्या मिरवणुकीचा यंदाचा मानकरी तू, हे मला मांसाच्या दुकानात रांगेत उभी असताना कळलं. दुकानदार म्हणाला, "भावाची मजा आहे बुवा तुमच्या!" आणि मी अशी हसले, जणू तू मलाच सगळ्यांच्या आधी सांगितलं होतंस. एकाच गावात राहून पत्र लिहितेय, कारण फोनवर मी जुन्या विषयावर आले की नेमकं तुझ्या दारात कोणीतरी आलेलं असतं.

डॅडींना हा मान हवा होता. चाळीस वर्षं ते मिरवणुकीत आपल्या हेनेगन घराण्याच्या रांगेत सर्वांत पुढे चालले. सतरा मार्चच्या सकाळी आई मक्याची लापशी हिरवी करायची आणि आपण हिरव्या जिभा काढून एकमेकांना चिडवायचो, आठवतं? मग कॅथीड्रलमधली प्रार्थना, मग चौकातल्या ओकखाली आपल्या खुर्च्या. पणजोबा आयर्लंडहून उपाशीपोटी आले, बोटीतून उतरले, या गावात कोणी त्यांना उंबऱ्यावरही उभं राहू दिलं नाही, हे डॅडी दरवर्षी डोळ्यांत पाणी आणून सांगायचे. त्याच डॅडींनी माझ्या वेंडेलला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. "माणूस चांगला असेल, डेलिया, पण काळा आहे," एवढंच म्हणाले आणि बिअर ओतून घेतली. तू शेजारीच होतास. तुझाही ग्लास भरला त्यांनी.

ते मी गिळलं. पण त्र्याऐंशी सालचं गिळता येत नाही. माझी ऊना तेव्हा आठ वर्षांची होती. तिच्यासाठी मी हिरवा फ्रॉक शिवला होता, तोही तीनदा उसवून. तुझ्या मुलींच्या मागे ती टाचा उंचावून उभी राहिली. मिरवणूक हलायला पाच मिनिटं होती. तू मला झाडामागे नेलंस आणि म्हणालास, "तमाशा करू नकोस, डेलिया. फोटो निघतात. लोक विचारतात, ही कोणाची. तिला घेऊन जा, नाहीतर मला न्यावं लागेल." मी डॅडींकडे पाहिलं. ते बुटांची नाडी बांधत होते, बांधलेलीच.

तू तिचा हात धरू नयेस म्हणून मीच धरला. रांगेतून तिला ओढून काढलं. ती रस्त्यात लोळली, मला चावली. मी सांगितलं, "एवढ्या गर्दीत हरवशील, मला भीती वाटते." आठ वर्षांच्या मुलीला कसं सांगू, की तुझ्या आजोबांना आणि मामाला तू रांगेत नको आहेस? तिच्या वाढदिवसाला डॅडींचं कार्ड यायचं, ते ती उशीखाली ठेवायची. तेवढं तरी तिचं राहू दे, असं वाटलं. पुढच्या वर्षी तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हटलं. मग तिने विचारणं सोडलं. अठराव्या वर्षी मला म्हणाली, "आई, तुझ्या माणसांत मला दाखवायची तुलाच लाज वाटते." वेंडेलला सगळं ठाऊक होतं. तिला न सांगण्याची शपथ मी घातली होती, म्हणून तो उठून अंगणात गेला. त्यानंतर ऊना अटलांटाला गेली ती नाताळापुरती येते.

काल तिचा फोन आला, पाच वर्षांत ऐकला नव्हता इतका आनंदी आवाज. तू तिला तुझ्या शेजारून, सर्वांत पुढून चालायला बोलावलंयस. आता गाव बदललंय, आता तशा फोटोंचं कौतुक होतं, हे मलाही कळतं. ती म्हणाली, "मामाच्या मनात कधीच काही नव्हतं, आई. मी त्याला सांगितलं, तू मला कसं ओढून काढलंस ते. तो म्हणाला, तुझी आई पहिल्यापासून घाबरट, मनावर घेऊ नकोस." कोलम, माझं खोटं तिच्यासाठी होतं. ते तू स्वतःसाठी वापरलंस. येत्या रविवारच्या आत तिला फोन कर आणि झाडामागे काय बोललास ते शब्द न बदलता सांग. नाही सांगितलंस तर सोमवारी मी अटलांटाला जाऊन सांगेन. तरीही तिला तुझ्या शेजारून चालायचं असेल तर चालू दे, मी अडवणार नाही. पण आपण कोणाच्या शेजारून चालतोय, हे तिला ठाऊक असू दे.

तुझीच बहीण,
डेलिया